भाऊंचा तोतया

चंदीगडमध्ये मान खाली घालून चालणाऱ्याचंही भलं होतं. तिथल्या जुन्या मॅनहोलच्या झाकणांवर खुद्द शहराचाच नकाशा ओतीव लोखंडात उठवलेला आहे. रस्त्यांची जाळी, सेक्टरांचे चौकोन, सगळं. रस्ता चुकलात तर पानवाल्याला विचारायला नको. गटाराशी थांबा आणि पायाखाली बघा. 'तुम्ही इथे आहात' असं सांगणारा ठिपका मात्र त्यावर नाही, त्यामुळे शहर सापडतं, आपण सापडत नाही. ल कॉर्बुझिए, पिएर जानरे आणि मंडळींनी 1950 च्या दशकात शेतं आणि खेडी उठवून हे गाव आखलं, तेव्हा त्यांचा कागदावर भरवसा नसावा. कागदाला वाळवी लागते, फायली गहाळ होतात. लोखंडी झाकण कोण नेणार?

नेलं. त्यांतली काही झाकणं परदेशातल्या लिलावांत कलावस्तू म्हणून उगवली. जानरेंच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवानी, वेताने विणलेल्या खुर्च्यांची कथाही तीच. कचेऱ्यांनी त्या मोडीत काढल्या, जाणत्या व्यापाऱ्यांनी उचलल्या, त्यांना पॉलिश झालं आणि ज्या खुर्चीवर बसून एखाद्या हेडक्लार्कने आयुष्यभर 'उद्या या' म्हटलं, ती खुर्ची परदेशात लाखोंना गेली. 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वस्तूंच्या विक्रीला मनाई केली. तोवर तशाच नव्या खुर्च्या बनवणारे कारागीर तयार झालेच होते. आता अस्सल कुठली हे ओळखायचं कसं? तर लाकडावर रंगवलेला सरकारी खात्याचा क्रमांक बघायचा, असं जाणकार सांगतात. हे जाणकारांचं बोलणं नक्कल करणाऱ्यांनीही ऐकलेलं आहे. तेही क्रमांक रंगवतात.

ही सगळी माहिती मला आमच्या साडूंनी दिली. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळं घर त्यांना भाऊ म्हणतं. एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी करून ते निवृत्त झाले आणि तिथेच राहिले. इतकी वर्षं चंदीगडमध्ये काढल्यामुळे ते फोनवर 'हां जी' म्हणतात, हिवाळ्यात पिन्नी नावाचे लाडू खातात आणि पुण्याच्या थंडीला हसतात. पण मूळ स्वभाव पुणेरीच. एकदा हातात आलेली वस्तू सुटू द्यायची नाही, आणि ती सुटेल या भीतीने तिची दुसरी प्रत करून ठेवायची. लग्नाच्या आमंत्रणाची झेरॉक्ससुद्धा ते काढून ठेवतात. लग्न आटोपल्यावरही टाकत नाहीत.

अशा माणसाच्या हाती लिनक्स आणि पेनड्राइव्ह एकदम पडले, म्हणजे काय होणार ते सांगायला नको.

भाऊंचा कॉम्प्युटर त्यांच्या खिशात असतो. म्हणजे यंत्र नव्हे, आतलं सगळं बिऱ्हाड. बत्तीस जीबीच्या पेनड्राइव्हवर त्यांनी अख्खी लिनक्स सिस्टिम बसवली आहे. कुणाच्याही कॉम्प्युटरला तो लावायचा, यंत्र चालू करायचं, की भाऊंचा डेस्कटॉप, भाऊंची पत्रं, भाऊंची वीजबिलं, भाऊंचा सुखना तलावाचा वॉलपेपर. काम झालं की पेनड्राइव्ह काढून खिशात. मागे खूण राहत नाही. यजमानाचं विंडोज जागंही होत नाही.

कल्पना फार सुंदर आहे. अडचण एवढीच, की यंत्राने आपल्या डिस्कऐवजी पाहुण्याच्या पेनड्राइव्हवरून सुरू व्हावं यासाठी चालू होता होता एक ठरावीक बटण दाबावं लागतं, आणि हे बटण प्रत्येक कंपनीने वेगळं ठरवलं आहे. एचपीला एफ नऊ, डेलला आणि लेनोव्होला एफ बारा, एसूसला एस्केप, कुणाला आणखी काही. वेळ दोन-तीन सेकंदांचा. त्यामुळे भाऊ कुणाकडे चहाला गेले की 'मुलं काय करतात?' याच्या आधी 'लॅपटॉप कुठल्या कंपनीचा?' हे विचारतात. मग यजमानांचा लॅपटॉप मांडीवर घेऊन वरच्या ओळीतली बटणं एकामागून एक बडवतात. पहिल्या खेपेला विंडोज उघडतं. 'निसटलं,' भाऊ म्हणतात आणि परत बंद करतात. चहा निवतो. यजमानांच्या चेहऱ्यावर, आपण या माणसाला लॅपटॉप दिला की याने तो घेतला, असा प्रश्न असतो.

त्या पेनड्राइव्हवर एक नव्हे, दोन लिनक्स आहेत. एक डेबियन, एक पपी. एक पुरे नाही का, असं मी विचारलं तर भाऊ म्हणाले, "अरे, इथे एका राजधानीत दोन राज्यं बसतात, मग एका पेनड्राइव्हवर दोन सिस्टिम का बसू नयेत?" हे मात्र खरं. 1966 पासून चंदीगड पंजाबचीही राजधानी आहे आणि हरियाणाचीही. सचिवालयाची इमारत दोघांत वाटलेली, उच्च न्यायालय दोघांना मिळून एक, आणि गाव दोघांपैकी कुणाचंच नाही, केंद्राचं. सुरू होताना भाऊंचा पेनड्राइव्हही विचारतो, यातलं कोण? आणि दहा सेकंदांत कुणी उत्तर दिलं नाही तर स्वतःच ठरवतो.

त्यातली पपी ही खरं म्हणजे फार गुणी. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी 2003 मध्ये ती काढली. सगळी रॅममध्ये उचलून घेते आणि आपण केलेले बदल एका फाइलमध्ये जमा करते. ती एक फाइल दुसरीकडे उतरवली की झाला बॅकअप. नातवालाही जमेल. म्हणूनच भाऊंना त्यात रस नाही. जे नातवाला जमतं ते निवृत्त शास्त्रज्ञाने करायचं कशाला?

डेबियनचा बॅकअप हा मात्र त्यांच्या घरातला सोहळा असतो.

बॅकअप हवाच कशाला, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्या हातात अजून एकही पेनड्राइव्ह मेलेला नाही. फ्लॅश मेमरीत अक्षरं राहतात ती विजेच्या कोंडून ठेवलेल्या भारात. सूक्ष्म कप्पे असतात, त्यांत भार अडकवायचा, पुसायचा, परत अडकवायचा. प्रत्येक पुसण्याबरोबर कप्प्याची भिंत थोडी झिजते. स्वस्त पेनड्राइव्हमध्ये ही पुसापुशी काही शे वेळा, फार तर हजाराच्या घरात सोसते. आणि लिनक्सला सारखं काहीतरी टिपून ठेवायची सवय. कोण आलं, काय चाललं, काय बिघडलं, याचे लॉग तर आहेतच, शिवाय एखादी फाइल नुसती उघडून वाचली तरी ती कधी वाचली याचीही नोंद. ही शेवटची खोड बंद करता येते आणि भाऊंनी ती पहिल्याच दिवशी बंद केली. "मी काय वाचलं ते मला ठाऊक असतं," ते म्हणाले. चंदीगडचा उन्हाळा या वस्तूला आणखी मानवत नाही. उष्णतेत कप्प्यांतला भार लवकर गळतो.

जुनी हार्ड डिस्क जायच्या आधी खडखडायची. घरच्यांना कळायचं, धावाधाव करता यायची. पेनड्राइव्ह रात्री बरा असतो आणि सकाळी नसतो. काही मात्र जाता जाता वेगळ्याच अवस्थेत अडकतात: त्यांतलं वाचता येतं, पण त्यांवर काही लिहिता येत नाही. आमच्या वाड्यात एक आजोबा होते, त्यांना 1942 सालचं सगळं तोंडपाठ होतं, पण त्यानंतरची कुठलीही गोष्ट ते ऐकून घेत नसत. तसंच हे.

असे कामातून गेलेले पेनड्राइव्ह भाऊ टाकत नाहीत. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवतात. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, एकदा तो डबा श्रीखंड समजून पाहुण्यांसमोर उघडला होता. ताई चिडल्या की रॉक गार्डन काढतात. सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या नेकचंद नावाच्या रोड इन्स्पेक्टरने फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि विजेचे सॉकेट जमवून जंगलात वर्षानुवर्षं गुपचूप एक अख्खं राज्य उभं केलं. सरकारला पत्ता लागला तेव्हा पाडायची भाषा झाली, पण 1976 मध्ये त्याचं उद्यान झालं. "त्या माणसाने बांगड्यांच्या काचांतून बाग उभी केली," ताई म्हणतात, "तुम्ही या डब्यातून निदान एक बदक तरी करून दाखवा."

भाऊंचा बॅकअप साडेतीन मुहूर्तांवर होतो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा या तीन पूर्ण मुहूर्तांवर पूर्ण क्लोन, म्हणजे पेनड्राइव्हवरचं सगळंच्या सगळं, अगदी रिकाम्या जागेसकट. दिवाळीचा पाडवा हा अर्धा मुहूर्त, म्हणून त्या दिवशी अर्धा बॅकअप. फक्त कागदपत्रांचा फोल्डर, सिस्टिम नाही. अॅपवर आठवण लावून घेणाऱ्या, मार्चअखेरीस बॅकअप दिन पाळणाऱ्या जगापेक्षा ही व्यवस्था मला पक्की वाटते. पंचांग विसरायची सोय नाही. ते भिंतीवरच असतं.

दसऱ्याला घरातल्या सगळ्या शस्त्रांची पूजा होते: भाऊंची सोल्डरिंग गन, ताईंची शिलाई मशीन, स्कूटर, आणि चांदीच्या ताटलीत झेंडूच्या पाकळ्यांवर मांडलेले पेनड्राइव्ह. हळदकुंकू वाहताना टोपण लावलेलं असावं, हा नियम एका दसऱ्याला ताईंच्या हातून चुकला. कुंकू यूएसबीच्या आत गेलं. तो पेनड्राइव्ह दोन-तीन दिवस कॉम्प्युटरला दिसेना. भाऊंनी दात घासायच्या ब्रशने तो साफ केला. कुणाच्या ब्रशने, हे अजून उघड झालेलं नाही.

प्रत्यक्ष क्लोन काढायचा म्हणजे डीडी. ही दोन अक्षरांची आज्ञा 1970 च्या दशकातल्या युनिक्सपासून चालत आलेली आहे आणि तिला बोलायची सवय नाही. कुठून आणि कुठे, एवढंच तिला सांगायचं. तेही 'आयएफ' आणि 'ओएफ' अशा दोन शब्दांत, ज्यांत फरक एका अक्षराचा. उलटंपालटं झालं तर कोरा पेनड्राइव्ह भरलेल्यावर उतरतो, अगदी प्रामाणिकपणे, शेवटच्या बाइटपर्यंत. 'खात्री आहे का?' असं डीडी विचारत नाही. ज्याने आज्ञा दिली तो शहाणाच असणार, असा तिचा समज आहे. संगणकवाल्यांच्या पोटात तिच्याविषयी जी भीती आहे ती या समजापोटी.

म्हणून भाऊंनी पेनड्राइव्हना धागे बांधले आहेत. अस्सलला लाल, नकलेला पांढरा. कॉम्प्युटरला धागे दिसत नाहीत. तो एकाला 'एसडीबी' म्हणतो आणि दुसऱ्याला 'एसडीसी', आणि आज जो बी आहे तो उद्या सी होतो, आधी कोणता लावला त्यावर. एंटर दाबण्याआधी भाऊ पडद्यावरची यादी मोठ्याने वाचतात, चष्मा पुसतात, पुन्हा वाचतात. क्लोन चालू असताना मिक्सर लावायचा नाही, गीझर लावायचा नाही, लिफ्टने जायचं नाही. लिफ्टचा काय संबंध, हे सोसायटीतल्या कुणालाच समजलेलं नाही, पण भाऊ सेक्रेटरी असताना कोण विचारणार?

शिवाय चालत्या सिस्टिमचा क्लोन काढू नये, हा नियम. ती चालू असताना फायली बदलत राहतात. अर्धा फोटो आधीचा आणि अर्धा नंतरचा असा प्रकार होतो. म्हणून क्लोन काढायला यंत्र तिसऱ्याच पेनड्राइव्हवरून सुरू करायचं. त्यावर क्लोनझिला. हे तैवानमधल्या सरकारी संगणन केंद्रात तयार झालेलं साधन, आणि स्वभावाने डीडीच्या अगदी उलट. ते डिस्क पुसण्याआधी विचारतं, खात्री आहे? हो म्हटलं तरी पुन्हा विचारतं, खरंच खात्री आहे? शिवाय रिकामी जागा वाहून नेत नाही, भरलेला मजकूर तेवढा नेतं. शहाण्या माणसाने तेच वापरावं. भाऊही वापरतात, पण दसऱ्याला डीडीच. पूर्ण मुहूर्ताला रिकामी जागाही गेली पाहिजे.

मग तो तिसरा पेनड्राइव्ह बिघडला तर? म्हणून त्याचीही एक प्रत. ती काढायला चौथा. मी हिशोब करायचं सोडलं आहे. ताई म्हणतात, घरात वाढणारी दोनच मंडळी, झुरळं आणि हे.

एका मार्गशीर्षात लाल धागा गेला. रात्री बरा होता.

भाऊ शांत होते. त्यांनी कपाटातून बॅकअपची हार्ड डिस्क काढली. फायली मुहूर्तांच्या नावाने: 'पाडवा', 'अक्षय', 'दसरा'. भाऊंनी आधी 'पाडवा' उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला. चैत्रातला पूर्ण बॅकअप 'पाडवा' नावाने ठेवलेला. कार्तिकातला अर्धा बॅकअप, तोही 'पाडवा'. लिनक्सने काही न बोलता चैत्राचा पाडवा पुसून त्यावर कार्तिकाचा लिहिलेला. पंचांगात दोन पाडवे सुखाने नांदतात. एका फोल्डरमध्ये नांदत नाहीत.

तरी 'दसरा' होता, आणि तो तर चैत्राच्या पाडव्याहून ताजा. भाऊ सेक्टर 22 च्या बाजारात जाऊन नवा बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आले आणि 'दसरा' त्यावर उतरवायला लावला. मिक्सर बंद, गीझर बंद. अर्ध्या-पाऊण तासाने, अगदी शेवटी, डीडीने तोंड उघडलं: जागा उरलेली नाही.

बत्तीस आणि बत्तीस सारखे नसतात. कंपनी म्हणते बत्तीस, तेव्हा तिच्या मनात बत्तीस अब्ज बाइट असतात. कॉम्प्युटर 1024 च्या पटीत मोजतो, म्हणून त्याला ते तीसच्याही आतच दिसतात. ते एक वेळ चालतं, ती फसवणूक सगळ्यांना सारखी. पण एका कंपनीचे बत्तीस दुसऱ्या कंपनीच्या बत्तीसहून काही मेगाबाइटने कमी भरतात, आणि तंतोतंत क्लोनला ते काही मेगाबाइटसुद्धा हवे असतात. त्यात पुन्हा गंमत अशी, की आजच्या डिस्क आपल्या विभागणीचा नकाशा दोनदा लिहितात. एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला, दुसरी अगदी शेवटच्या टोकाला, पहिली खराब झाली तर असावी म्हणून. म्हणजे जागा कमी पडली की पहिलं काय कापलं जातं? नकाशाचा बॅकअप. चंदीगडच्या झाकणांना तरी निदान किंमत आली.

भाऊ परत दुकानात गेले. दुकानदार भला माणूस. त्याने दोन्ही पेनड्राइव्ह तळहातावर तोलून पाहिले आणि म्हणाला, "अंकल जी, बत्तीस तो बत्तीस ही होता है."

"बीस एमबी कम है," भाऊ म्हणाले.

"बीस एमबी का क्या करना है जी? एक गाना आता है उसमें."

भाऊंनी चौसष्टचा घेतला. तोही घरी आणून आधी तपासला, कारण बाजारात असे पेनड्राइव्हही मिळतात की ज्यांच्या अंगावर एक हजार जीबी लिहिलेलं असतं आणि आत असतात आठ. त्यातली चिप कॉम्प्युटरला खोटं सांगते, आणि खरी जागा संपली की मुकाट्याने पहिल्याच मजकुरावर पुढचा लिहीत राहते. आपण फोटो भरत जातो, ती 'घेतला' म्हणत जाते. हे पकडायला लिनक्सवर एफथ्री नावाचं साधन आहे. अख्खी जागा खुणेच्या मजकुराने भरायची आणि मग सगळा परत वाचून ताडून बघायचा. चौसष्टला हे सगळं करायला रात्र लागली. भाऊ खुर्चीत बसून राहिले. जानरेंच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या.

सिस्टिम उठली. आता नव्या लाल धाग्यावरून नवा पांढरा धागा. आणि तो खरोखर तंतोतंत उतरला का? यासाठी दोन्हींचा शा-256 काढायचा. म्हणजे सगळ्या मजकुराला दळून शेवटी चौसष्ट अक्षरांची एक ओळ निघते. मूळ मजकुरात एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी ती ओळ पार बदलते. दोन ओळी जुळतात की नाही हे कॉम्प्युटर स्वतःच सांगू शकतो. पण ज्याला तपासायचं त्यालाच साक्षीला उभं करायचं का? भाऊ एक ओळ कागदावर उतरवून घेतात आणि ताई ती वाचतात.

"ई, चार, सात, बी..."

"बी का डी?"

"बी. बडोद्याचा बी."

"पुढे."

"नऊ, नऊ, शून्य, एफ... अहो, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?"

"मध्ये बोलू नकोस. शून्यानंतर?"

"तीन झाल्या," ताई म्हणाल्या, आणि भाऊंनी तीन लिहिले.

जुळलं शेवटी. पण नुसतं जुळून काय उपयोग? बॅकअपवरून सिस्टिम उठते की नाही हे उठवून पाहिल्याशिवाय तो बॅकअप म्हणायचा नाही, असं भाऊ म्हणतात, आणि ते बरोबर आहे. आमच्या ओळखीच्या दहा माणसांनी बॅकअप ठेवला असेल तर एकानेही तो उघडून पाहिलेला नाही. मग भाऊंनी पांढऱ्या धाग्यावरून यंत्र सुरू करून पाहिलं. छान उठलं. पण उठताना लिनक्सने 'अमुक वाजता उठलो' असं त्यावर टिपून ठेवलं. म्हणजे बिट बदलले. म्हणजे चौसष्ट अक्षरं बदलली. तपासलं तर जुळत नाही, आणि जुळवून ठेवलं तर तपासता येत नाही. ताईंना पुन्हा हाक गेली. या वेळी त्या शेजारी भिशीला गेलेल्या होत्या.

यापुढचा घोटाळा जास्त ऐतिहासिक आहे.

दिल्लीहून चंदीगडला जाताना पानिपत लागतं. मराठी माणूस असेल तर तिथे गाडीत जरा गप्प होतो आणि मग वडा मागवतो. 1761 च्या त्या लढाईत सदाशिवरावभाऊ पडले, पण ते खरंच पडले यावर सगळ्यांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंचा तर बसलाच नाही. मग काही वर्षांनी एकजण उभा राहिला आणि म्हणाला, मीच भाऊ. लोकांना पटलं. त्याला कैदेत ठेवलं तरी पटायचं थांबलं नाही. सुटल्यावर त्याने कोकणात माणसं जमवली, किल्ले घेतले. 1776 मध्ये तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं.

आमच्या भाऊंचा तोतया पांढऱ्या धाग्याचा. प्रत्येक लिनक्स विभागाला एक यूयूआयडी असतो, 128 बिटांचा क्रमांक, जगात दुसऱ्या कुणाचा असू नये इतका लांब. सुरू होताना सिस्टिम विचारते, अमुक क्रमांकाचा विभाग कुठे आहे? पण डीडीने क्लोन काढताना तो क्रमांकही उतरवून घेतलेला. जी एकमेव खूण ओळख पटवायची, तीच दोघांवर सारखी. खुर्च्यांच्या लाकडावरच्या आकड्यांसारखीच. दोन्ही पेनड्राइव्ह एकाच वेळी लावलेले राहिले तर यंत्राला जो आधी भेटेल तो भाऊ.

तसेच ते राहिले. भाऊ लाल धाग्यावरून सुरू करत होते, पण पुढे दार उघडून बसायला मिळत होतं पांढऱ्याच्या घरात. सगळी नवी पत्रं, पेन्शनचा हयातीचा दाखला, ताईंच्या रक्ताचे रिपोर्ट, सगळं तोतयाकडे जमा होत होतं, आणि अस्सल मात्र खिशात जुनाच्या जुना राहत होता. उलगडा झाला तो भाऊ बँकेत गेले तेव्हा. लाल धागा लावून त्यांनी दाखला काढायला घेतला, तर कारकुनाला दिसला मागच्या वर्षीचा. म्हणजे सरकारदरबारी भाऊ हयात नव्हते. "समोर बसलो आहे ना मी?" भाऊ म्हणाले. कारकून म्हणाला, "वो तो ठीक है जी, लेकिन कागज़ पे?"

त्यावर उपाय सोपा आहे असं पुस्तकं सांगतात. नकलेला नवा क्रमांक द्यायचा. एका ओळीची आज्ञा. भाऊंनी दिली, आणि नक्कल उठेचना. कारण आत सगळीकडे जुनाच क्रमांक लिहून ठेवलेला. नावाची पाटी बदलली, पण रेशन कार्ड, वीजबिल, दूधवाल्याची वही जुन्याच नावाची. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत सिस्टिम सांगू लागली, की मी ज्याला शोधतेय तो इथे नाही. मग आतल्या एकेक फाइलीत जाऊन क्रमांक बदलणं आलं. माझं स्पष्ट मत असं, की ज्या नकलेला अस्सलपासून वेगळं ओळखता येत नाही, तिच्यासारखी धोक्याची वस्तू घरात नाही. भाऊंना ते मान्य नाही. त्यांच्या मते वेगळं ओळखता आलं तर तो क्लोन कसला?

या सगळ्या प्रकरणानंतर भाऊंनी तीन-दोन-एकचा नियम स्वीकारला. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, लांब. आग लागली, पूर आला, ताई भडकल्या, तरी एक प्रत शिल्लक राहावी. लांब म्हणजे कुठे? तर आमच्याकडे. आम्ही राहतो सदाशिव पेठेत, जी पानिपतच्या भाऊंच्याच नावाने वसलेली आहे. तेव्हा पिन्नीच्या डब्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला हिरव्या धाग्याचा एक पेनड्राइव्ह आमच्याकडे आला. 'अधूनमधून लावून बघत जा,' असा निरोप होता. बंद कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिला की भार गळतो.

मी लावून पाहिला. माझं यंत्र एकदम चंदीगडचं झालं. सुखना तलाव आला, कोपऱ्यात तिथलं तापमान आलं, आणि नऊ वाजता सदाशिव पेठेत माझ्या पडद्यावर सूचना आली: 'बीपीची गोळी. पाण्याबरोबर, चहाबरोबर नाही.' बायको म्हणाली, भाऊजींनी किती माया केली आहे बघा. मी आणखी थोडा आत शिरलो. 'देणंघेणं' नावाचा एक तक्ता होता. त्यात नोकरी लागल्यापासूनची सगळी उसनवारी लिहिलेली. पाचव्या ओळीत मी होतो: 'धाकटे साडू, पुणे. स्कूटरची स्टेपनी. 1994. परत नाही.'

ती स्टेपनी मी परत केली होती. ताईंच्या मुलीच्या बारशाला, दारात उभी करून ठेवली होती, कुणी उचलली ते मला माहीत नाही. मी तिथल्या तिथे ती ओळ खोडली. मग वाटलं, हिरव्यावर खोडून काय होणार? लाल चंदीगडमध्ये आहे, पांढरा चंदीगडमध्ये आहे, आणि कपाटातल्या हार्ड डिस्कवर 'दसरा', 'अक्षय' आणि नवं नाव दिलेले दोन वेगळे पाडवे आहेत. मी भाऊंना फोन केला. गोळीचं विचारलं, हवेचं विचारलं, आणि मग स्टेपनीचा विषय काढला.

"असं?" भाऊ म्हणाले. "बघतो हां जी."

दसरा झाला. पिन्नीचा नवा डबा आला, आत नव्या क्लोनचा हिरवा धागा. मी आधी तक्ता उघडला. पाचवी ओळ जागेवर होती. पुढे दोन शब्द वाढले होते: 'ट्यूबसह. नवीन.'